टेकडीवर ठेवून आलेला चौथा

आधीच सांगून ठेवते, भुतंखेतं ही माझ्यासाठी कायम करमणुकीची गोष्ट होती. इथे कॅनडात, किचनरला कुणाच्याही घरी पार्टी असली, की जेवणं झाल्यावर बेसमेंटमधले दिवे घालवून मी असे किस्से रंगवायचे, की पन्नाशीचे इंजिनिअर वॉशरूमला जोडीनं जायचे! विश्वास मात्र शून्य. हा किस्साही रंगवला असता… पण याला रंग लावायची गरजच पडत नाही.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. मी, माझा नवरा सुहास आणि त्याचा पुण्यातला कॉलेजचा मित्र विलास असे आम्ही तिघं उत्तरेला एका टेकडीवर गेलो. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी तिला 'बेन', म्हणजे त्यांच्या भाषेत पर्वत, असं भारदस्त नाव दिलंय. प्रत्यक्षात आपल्या पर्वतीची थोरली बहीण! पण जंगल अस्सल. कधीच न तोडलेले पाईन, शेंडा बघायला गेलं तर टोपी पडेल एवढे. खाली त्यांच्या सुईसारख्या पानांचा जाड थर… आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नाहीत.

पार्किंग लॉटमध्ये विलास अडला. "तीन तिगाडा, काम बिगाडा. वहिनी, एक दगड घ्या बरोबर."

"भाऊजी, तुम्ही एआयमध्ये काम करता ना?"

"म्हणूनच म्हणतो. घ्या."

तिघांनी निघायचं नाही, निघालंच तर दगडाला चौथा करून न्यायचं, ही आपली जुनी रीत. मी एक तांबूस गोटा उचलून जॅकेटच्या खिशात टाकला. "चला हो चौथे," म्हटलं. मला काय, चेष्टेला निमित्तच हवं होतं.

दुसरी सवय या दोघांची सह्याद्रीतली. धुकं असलं की अधूनमधून मोजणी करायची. पुढचा 'एक' म्हणणार, मधला 'दोन', शेवटचा 'तीन'. पुढे मी, मध्ये विलास, शेपटाला सुहास. आणि सुहास म्हणजे… लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं एका हाकेला कधी सरळ ओ दिली असेल तर शपथ. चढताना सगळी टेकडी दणाणत होती.

"एक!"

"दोन!"

"तीन! आणि भूक लागलीये!"

पुढच्या वेळी, "तीन! पगार वाढवा!" त्याच्या पुढच्या वेळी, "तीन! अस्वलाला तुझा नंबर देऊ का गं?"

माथ्यावर थालीपीठं खाल्ली, थर्मॉसमधला चहा झाला. मी गोट्यापुढेही थालीपीठाचा तुकडा ठेवला. विलास म्हणाला, "चेष्टा नको हं वहिनी." तेवढ्यात सुहासनं तो गोटा उचलला आणि माथ्यावरच्या दगडांच्या राशीत खोचून दिला.

"आपण इथे राहायच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत काढली. याला एका दिवसात पीआर! राहा रे बाबा इथेच, पर्मनंट!"

मी हसून हसून बेजार. विलास मात्र पांढरा पडला. "अरे, घरी पोचेपर्यंत सोडायचा नसतो तो. त्याला आपल्यातच मोजलंय आपण."

"मग तू वाहा," सुहास म्हणाला, आणि आम्ही उतरायला लागलो.

धुकं दाट झालं. बारीक बर्फ भुरभुरायला लागला.

"एक!"

"दोन!"

"तीन."

थोडं उतरलो. पुन्हा तेच. तीन. आणखी खाली, तीन.

एका वळणावर माझे पाय आपोआप थांबले. "भाऊजी, हा चिडलाय का?"

"का?"

"सरळ उत्तर देतोय."

मी मागे वळून ओरडले, "सुहास, रात्री काय करू रे? पिठलं की खिचडी?"

जरा वेळ काहीच नाही. मग, अगदी जवळून, थंडीनं बसलेल्या त्याच्याच आवाजात…

"तीन."

विलासनं माझा हात घट्ट धरला. पळावंसं वाटत होतं, आणि पळता येत नव्हतं. कारण जो बोलत होता तो सुहास नसेल, तर सुहास त्याच्याही मागे कुठेतरी होता. म्हणजे जायचं ते त्या आवाजाच्या दिशेनंच.

गेलो. जिथून आवाज आला तिथे कुणी नव्हतं. वाटेवर बर्फाची साय धरली होती आणि तिच्यावर उतरणाऱ्या दोघांचेच ठसे. तिसरे नाहीत.

तिसरे सापडले ते पार वर, माथ्याच्या खालीच. कडेला घसरत गेलेले. एका उन्मळून पडलेल्या पाईनच्या मुळांत सुहास पडला होता. पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ निळे. विलास सिग्नल मिळवायला खाली धावला. मी सुहासला मिठीत धरून बसले, मदत येईपर्यंत. तो सापडल्यावर तो आवाज पुन्हा आला नाही… याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

शुद्धीवर आल्यावर हॉस्पिटलमध्ये तो एवढंच बोलला. "मी 'तीन, तीन' म्हणून ओरडत होतो. तुमचं 'एक', 'दोन' मला ऐकू येत होतं. नंतर माझ्याच आवाजात कोणीतरी 'तीन' म्हणायचं… आणि तुम्ही पुढे जायचात."

वसंतात विलास एकटा जाऊन ती रास उपसून आला, तांबूस गोटा काही मिळाला नाही. डॉक्टर म्हणतात, अति थंडीत माणसाला भास होतात. होत असतील. पण मला थंडी वाजत नव्हती, आणि 'पिठलं की खिचडी'ला 'तीन' हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

सुहास आता काठी घेऊन चालतो. फिजिओ खूश आहे. मुलगी म्हणते, "आई, बाबा इज सो मच नायसर नाउ." खरंय. किचनमधून हाक मारली, की वरून लगेच उत्तर येतं.

"ओ."

नुसतं 'ओ'. भूक नाही, पगार नाही, अस्वल नाही. मी कढईपाशी उभी राहते, वाट बघते, की पुढे काहीतरी येईल. मग विचारते, "पिठलं की खिचडी?"

तो जरा वेळ थांबतो.

"काहीही चालेल," तो म्हणतो.

मी रोज पिठलंच करते. त्याला ते कधीच आवडायचं नाही. रोज मुकाट्यानं खातो.