यमुनाक्का आणि बुरसलेली भिंत

"मातीला तारीख कळत नाही, वारा कळतो." यमुनाक्का हे इतक्यांदा म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला दुसरं काही येतच नाही. येत होतं. धारवाडच्या आसपास मातीचा गिलावा करणाऱ्या आणखी चारजणी असतील, पण यमुनाक्काचा हात फिरलेली भिंत लांबून ओळखू येते. ऊन तिच्यावर जरा जास्त वेळ थांबतं.

केलगेरीच्या तळ्याजवळ पद्माताई आणि श्रीहरी देशिंगकर या निवृत्त शिक्षक जोडप्याचं मातीचं घर उभं राहत होतं. श्रावणातला वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता, निमंत्रणं गेली होती. शेवटचा गिलावा करून यमुनाक्का आठ दिवस नवलगुंदला बहिणीकडे गेली, आणि तेवढ्यात भिंतींवर बुरशी आली.

देखणी होती, खोटं कशाला बोला! तळ्यावरचं धुकं आत येऊन भिंतीला टेकून झोपी गेलं असावं, तशी. कापसासारखी पांढरी, मधेच कुठे हिरवट. पद्माताई तिच्यापुढे उभ्या राहिल्या की आपण जागे आहोत की नाही, हेच त्यांना उमजेना.

श्रीहरींना ते देखणेपण दिसत नव्हतं. यमुनाक्का परतली त्या सकाळी ते दारातच उभे होते.

"अक्का, मातीत भाताचं कुजकं काड घातलंस तू!"

"कुजकं? सर, तुमच्यासमोर निवडलं की. पिवळंधमक होतं."

"ते काही नाही. उद्या गवंडी येतोय, वरून सिमेंट मारतो. तुझं काम संपलं."

"मारा. ओल आत कोंडेल. दोन पावसाळ्यांनी भिंतच म्हणेल, सर, उभी राहून दमले, आता बसते."

ती आत गेली. भिंतीला गाल लावला, वास घेतला, मग खिडक्यांकडे वळली. सगळ्यांवर गोणपाट ठोकलेले.

"आणि हे घर आंधळं कुणी केलं? वारा आत यायचा कुठून?"

"तूच ना? जाताना सांगून गेलीस," श्रीहरी म्हणाले.

पद्माताई दोन पावलं मागे सरकल्या. येणारेजाणारे थांबून घर बघायचे, "एष्ट चंद ऐती!" किती सुंदर आहे, म्हणून कौतुक करायचे. वास्तुशांतीआधी कुणाची दृष्ट लागू नये म्हणून अक्काची पाठ फिरताच त्यांनीच गोणपाट ठोकून घेतले होते. श्रीहरी दृष्टबिष्ट मानत नसत, म्हणून खुशाल अक्काचं नाव सांगितलं होतं.

यमुनाक्कानं एकदा पद्माताईंकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. ती खाली बसून थापी फडक्यात गुंडाळू लागली. तीस वर्षांचं नाव त्या फडक्यात बांधलं जात होतं.

"मी लावले," पद्माताई म्हणाल्या. "दृष्ट लागेल म्हणून. अक्कानं काहीच सांगितलं नव्हतं."

"अगं, जन्मभर मी विज्ञान शिकवलं!"

यमुनाक्का खळखळून हसली. "लागली की दृष्ट, सर! घरच्याचीच लागली."

गवंड्याला नको म्हणून निरोप गेला. गोणपाट उतरले. नाकाला पदर बांधून दोघींनी ओल्या फडक्यानं बुरशी हलकेच पुसून काढली. मुहूर्त तीन आठवडे पुढे गेला. पद्माताईंनी एकेका घरी फोन केला आणि खरं कारण सांगितलं.

ते तीन आठवडे कसे गेले कोण जाणे. तळ्यावरून वारा यायचा, खोल्याखोल्यांतून फिरायचा. दुपारी चटईवर पडल्या पडल्या पद्माताईंना वाटायचं, भिंती श्वास घेताहेत आणि त्या श्वासावर आपण हळूच वरखाली होतोय. भिंत आतपर्यंत वाळली तेव्हा यमुनाक्कानं चुन्याचा हात दिला.

वास्तुशांतीला मात्र ती थांबली नाही. "रायापूरला दुसरी भिंत खोळंबलीय, अव्वा." पद्माताईंनी तिची ओटी भरली, वाकून नमस्कार केला. अक्कानं मागं घेतले नाहीत पाय.

मग डोक्यावर घमेलं ठेवून ती तळ्याकाठच्या वाटेनं निघाली. टाचांना चुना तसाच होता. झिमझिम पावसात त्या दोन पांढऱ्या टाचा दिसेनाशा होईपर्यंत पद्माताई फाटकाशी उभ्या होत्या. श्रीहरीही छत्री न घेताच येऊन शेजारी उभे राहिले.