आत्याच्या मागचा आवाज

तुमच्या घरातल्या गाण्यातला कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे ठरवायचा हक्क तुम्ही कुणाला दिला आहे?

हाच प्रश्न मी माझ्या चुलतभावाला त्याच्या दुकानात विचारला तेव्हा तो हसला. कशेळ्याच्या बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. तिथं कॅसेट नेऊन द्या, तो गाणी कार्डात भरून देतो. आईची कॅसेटही त्याच्याकडेच गेली होती.

ती कॅसेट आमच्या पोशीर गावातल्या एका जुन्या लग्नातली. माझी आत्या त्यात धवले गाते. धवले म्हणजे लग्नविधीची गाणी; आमच्याकडे सगळे विधी ती गाणाऱ्या धवलारणीच्या सांगण्यावर चालायचे. हळद कधी लावायची, कलश कुठं मांडायचा, ते ती गाऊन सांगणार आणि मागं बसलेल्या बायका ओळ उचलणार. नणंदेनं गायचं, भावजयीनं मागं धरायचं, अशीच ती बैठक होती. आत्या आता नाही. आईच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज बोलण्यापुरताच उरला आहे.

त्या कॅसेटमध्ये एक जागा आहे. कलशाच्या धवल्यात आत्या विसरते. थांबते. मागून आई हलक्या आवाजात पुढची अख्खी ओळ एकटी गाते, आणि आत्या ती उचलून पुढं जाते. मी लहान असताना ती जागा जवळ आली की आई हातातलं काम टाकून टेपजवळ येऊन बसायची. "बघ, तिला नाय आठवलं," एवढंच म्हणायची आणि पुन्हा उठायची. पोशीरमध्ये कुणालाही विचारा, धवले आत्याचेच. आईकडे सांगायला ती एक ओळ होती.

याच चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला आत्याचे धवले डीजेवर लावायचे म्हणून त्यानं कॅसेट मागून नेली. थोड्याच दिवसांत घरच्या ग्रुपवर फाईल आली. खाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. मी फोन आईसमोर धरला. ती जागा आली. आत्या थांबली. मग काहीच नाही, कोरी शांतता. आणि मग आत्याच पुढची ओळ गाऊ लागली, जणू तिची तिलाच आठवली.

"परत लाव," आई म्हणाली.

परत लावलं.

"माझी ओळ कुठं गेली गं?"

दुसऱ्या दिवशी मी खालापूरहून कशेळे गाठलं.

"दादा, तुझ्या काकीची, माझ्या आईची ओळ कुठं आहे?"

"अगं, साफ केलंय मी ते. लय खरखर होती. आता आत्याचा आवाज कसा घंटेसारखा येतोय बघ!"

"आणि मागच्या बायका?"

"त्या काय, मागचा गोंगाट."

त्यानं मोठ्या कौतुकानं मला स्क्रीन दाखवली. एनकोडर म्हणजे आवाजाची फाईल बनवणारा प्रोग्राम. त्यात त्यानं निवडलं होतं: एका माणसाचं बोलणं, मागचा आवाज काढा, सगळ्यात लहान फाईल. हाडाची गाणारी बाई आणि तिच्यामागं ओळ धरणारा अख्खा मांडव, आणि हा निवडतो एका माणसाचं बोलणं!

"लहान नाय केली तर ग्रुपवर जात नाय. आन् कळतंय कुणाला? तू एकटीच आलीस भांडायला. तुझ्या बापानं जन्मभर पत्रकं वाटली, आता तू फाईली वाट."

स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही हसलं.

"साफ करायच्या आधीचं रेकॉर्डिंग?"

"उडवलं. जागा खातंय."

"कॅसेट?"

त्यानं पायानंच काउंटरखालचा खोका पुढं सरकवला. जळके चार्जर, फुटके हेडफोन, आणि तळाला आईची कॅसेट. खोका भंगारात जाणार होता. मी कॅसेट उचलली. "ने गं बाय, ने," तो म्हणाला, "मढवून ठेव."

हो, बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाढले, म्हणून मला ही गोष्ट चटकन कळते. पत्रकाची घडी घातली तर ते लहान होतं, उघडलं की अक्षर न् अक्षर जागेवर. आवाजाच्या फाईलचा फ्लॅक हा प्रकार म्हणजे तशी घडी. एमपीथ्री म्हणजे मजकूर गाळून पुन्हा छापलेलं पत्रक. गाळायचा नियम असा, की मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, तेव्हा तो टाकून द्या. बेतानं, कमी गाळलं तर मलाही फरक कळत नाही, हे मी मान्य करते. पण घडीतून हवी तेवढी लहान प्रत केव्हाही काढता येते. गाळलेलं परत येत नाही. आणि माझ्या भावानं तर गाळणीच चुकीची घेतली होती. बारीक आवाज कुणाचा, हे विचारायचीही त्याला गरज वाटली नाही. आपल्या घरांत तो कुणाचा असतो, हे सांगायला हवं का?

बाबांच्या जुन्या डेकवर मी कॅसेट लावली, खरखरीसकट लॅपटॉपवर उतरवली आणि फ्लॅक केली. काहीही साफ केलं नाही. आई शेजारी बसली होती. आत्या थांबली आणि खरखरीतून आईची ओळ आली. आईनं मान हलवली.

हळदीला मी पेनड्राइव्ह घेऊन पोशीरला गेले. "आता सगळ्यांकडं तीच फाईल हाय," भाऊ म्हणाला, "ऐन टायमाला घोळ नको घालू." डीजेनं त्याचीच लावली, खाली ढोल भरून. ती जागा आली. आत्या थांबली, भिंतीएवढ्या स्पीकरमधून नुसता ढोल वाजत राहिला. मांडवात बसलेल्या आईचे ओठ हलले. मग आत्या पुढं गाऊ लागली.

"काय पाठ होतं गं तुझ्या नणंदेचं!" शेजारची बाई आईला म्हणाली.

आई उठली आणि आत ताटं लावायला गेली.

ती फाईल आता ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरते आहे. कर्जतला ऐकली, नेरळलाही ऐकली. तुमच्या फोनमध्ये 'आत्याचे धवले' आलं असेल, तर कलशाच्या धवल्यात आत्या थांबते तिथं कान द्या. मागून बाईचा आवाज आला नाही, तर ती फाईल पुसा, ज्यानं पाठवली त्यालाही पुसायला सांगा, आणि पेनड्राइव्ह घेऊन खालापूरला आमच्याकडे या, अख्खी प्रत भरून देते. आई घरीच असते. ती जागा आली की तिच्या शेजारी बसून ऐका.