नागेशच्या कार्डावरचे आठ दिवस

बाबाजी घोगळे गाण्यात उंच आणि बोलण्यात मोजका. कुडाळकडचा हा माणूस दुबईत जबल अलीला परांच्या बांधायच्या कामावर अकरा वर्षं होता. आठवडाभर उन्हात पाइपांवर चढायचं, आणि शुक्रवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसने करामाला छायावहिनींकडे भजनाला यायचं, हा त्याचा नेम. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून झांजा वाजायच्या. आरती झाली की नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं. ज्याची अडचण असेल त्याचं नाव देवासमोर घ्यायचं, अडचण सांगायची, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

वहिनींचा वेदांग तेव्हा सहा वर्षांचा. तो एकदा म्हणाला, "मम्मी, अंकल इज स्कोल्डिंग बाप्पा."

"स्कोल्डिंग नाय रे," बाबाजी हसला. "वकिली."

त्या वकिलीचे दोन नियम त्याने गावाहून आणले होते. स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही, दुसऱ्याने घालायचं. आणि घालणाऱ्याला चूक ठाऊक असेल तर ती झाकायची नाही. झाकली तर देव नारळ घेत नाही.

त्याच्याच खोलीत नागेश राहायचा. वाडीतल्या ठकुबाईचा हा एकुलता मुलगा. त्याला व्हिसा मिळवून इकडे आणलं ते बाबाजीनेच. निघताना ठकुबाईने एवढंच विचारलं होतं, "बाबाजी, माज्या झिलाक सांभाळशीत मा?" आणि बाबाजीने मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचं ओझं तो रोज वागवायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात बाबाजीच्या पोटात वरच्या बाजूला कळ उठली ती थेट पाठीतून आरपार गेली. उलट्या थांबेनात. त्याचं हेल्थ कार्ड संपलेलं, पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात. त्या दिवसांत आजारपण कंपनीच्या कानावर गेलं तर 'अनफिट' म्हणून घरी पाठवतील, ही धास्ती. कॅम्पात इस्त्री, शेगडी आणि छत्री जशी खोलीत सगळ्यांची असायची, तशी अडीनडीला कार्डंही फिरायची. नागेशने आपलं कार्ड पुढे केलं. फोटोतली मिशी दोघांची सारखीच.

हॉस्पिटलात नर्स "नागेश, नागेश" अशा हाका मारायची आणि बाबाजी छताकडे बघत पडून राहायचा. शेजारचा पेशंट त्याला ढोसायचा. स्वादुपिंडाला सूज आली होती. पित्ताचा खडा नळीत अडकल्यामुळे झालं, असं डॉक्टर म्हणाले. बाजूला पाण्याची एक पिशवी धरली आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू, पित्ताशयाचंही बघू, नक्की या, असं बजावून त्यांनी आठ दिवसांनी सोडलं.

"काका, माज्या नावार आठ दिस आयते बसान खाल्ल्यात," नागेशने चिडवलं.

"खाल्लंय खय? तुज्या नावान माका उपाशी ठेवल्यानी."

सहा आठवडे झाले तेव्हा नागेश सुट्टीवर गावी होता, आणि कार्ड त्याच्या खिशात. कळ थांबली होती. बाबाजी पुन्हा परांचीवर चढला.

ऑगस्टात त्याला काळी, डांबरासारखी शौचाला व्हायला लागली. चक्कर यायची. उन्हाने होतं म्हणून त्याने सोसलं. मग एके सकाळी कामावर रक्ताची उलटी झाली आणि तो पाइपाला धरून खाली बसला. कंपनीच्या गाडीने त्याच हॉस्पिटलात नेलं, पण या वेळी कार्ड नवं होतं आणि नाव त्याचं स्वतःचं. बाबाजी घोगळे या नावाची फाइल कोरी करकरीत.

डॉ. सुरैय्या लखनौकडच्या. घशातून नळी घालून त्यांनी जठर तपासलं. कुठे जखम सापडली नाही. रक्त तर वाहिलं होतं, आणि आता आपोआप थांबलं होतं.

"बाबाजी, पहले कभी पेट में बहुत दर्द हुआ था? कहीं भर्ती हुए थे?"

बाबाजीने पायथ्याशी उभ्या असलेल्या नागेशकडे बघितलं नाही. "नहीं मॅडम."

"शराब?"

"माळकरी हूँ, मॅडम."

"ठीक है. लेकिन दोबारा खून आया तो पेट खोलकर ढूँढना पडेगा. कहाँ ढूँढें, मुझे पता नहीं." त्या निघून गेल्या.

नागेश वाकून कुजबुजला, "काका, सांगूया. मार्चातली फाइल हयच आसा."

"गप रव. तुजो व्हिसा कॅन्सल करतीत. तुज्या आवशीक मी काय सांगू?"

"आणि तुमका काय झाला तर मी काय सांगू तिका?"

"तुका माजी शपथ आसा." एवढं बोलूनही बाबाजीला धाप लागली. त्याला दोन बाटल्या रक्त चढलं होतं, तरी हाताची नखं पांढरीफटक होती. मरणाची भीती त्याला वाटत होती, नाही असं नाही. पण ठकुबाईसमोर उभं राहण्याची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, भेटीच्या वेळेला, छायावहिनी आल्या. पर्समध्ये सोललेला नारळ आणि डबीत अंगारा. त्यांनी त्याच्या कपाळाला बोट लावलं.

"बुवा, सगळ्यांची गाऱ्हाणी तुम्ही घालता. तुमचं कोण घालणार?"

"राहू दे, वहिनी."

"राहू कसं दे? नागेश, घे नारळ. हळू आवाजात. सिस्टर रागावेल."

नागेश मागे सरला. मग दोन्ही हातांनी नारळ धरून तो खाटेजवळ उभा राहिला. बाबाजीने उशीवरून मान उचलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"बा देवा म्हाराजा," नागेशचा आवाज फाटका आला, "हो तुजो बाबाजी आज खाटेर पडलो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या.

"घरादारापासून लांब आसा म्हाराजा. तेका उभो कर."

"व्हय म्हाराजा."

पुढे चूक सांगायची असते. तिथे नागेश थांबला. बाबाजीने डोळे वटारले, पण नागेश त्याच्याकडे बघतच नव्हता, नारळाकडे बघत होता.

"चूक झाली, म्हाराजा. मार्चात काका माज्या कार्डावर हय ऱ्हवले. आजार तेंचो, नाव माजा. ता आमी डॉक्टरापासून लपवलाव, म्हाराजा."

वहिनींच्या तोंडून सवयीने "व्हय म्हाराजा" निघून गेलं, आणि मग त्यांचे हात जोडलेले तसेच राहिले. त्यांनी एकदा बाबाजीकडे पाहिलं, एकदा नागेशकडे. रागावल्या नाहीत. पर्स खांद्याला लावून म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. नारळ घेऊनच चल."

बाबाजी एकटा पडून राहिला. आता संताप यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरत होतं, आणि ते पुसायलाही हात उचलवत नव्हता. आपणच शिकवलेला नियम पोराने आपल्यावरच लावला, हे त्याला कळत होतं.

अर्ध्या तासात डॉ. सुरैय्या मार्चातली फाइल घेऊन आल्या. चेहरा कडक.

"नाम झूठा, बीमारी सच्ची," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. स्वादुपिंडात अन्न पचवणारा रस असतो. सुजेमुळे तो बाहेर झिरपला की शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतही पचवायला लागतो. भिंत फुग्यासारखी फुगते, फुटते, रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं, गुठळी बसून थांबतं, मग भिंत पुन्हा फुटते. "पेट में नहीं, बगल की नस में ढूँढना है. अब पता है कहाँ."

त्याच संध्याकाळी मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेली. पडद्यावर प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीवर वाटाण्याएवढा फुगा दिसला. बारीक तारेची वेटोळी सोडून तो बुजवला. बाबाजी जागा होता. सगळा वेळ तो मनात नाव घेत होता, पण देवाचं की नागेशचं, हे त्याला नंतर सांगता आलं नाही.

महिन्याभराने पित्ताशय काढलं. नागेश सुटला असं नाही. हॉस्पिटलने कंपनीला कळवलं. व्हिसा राहिला, पण लेखी ताकीद मिळाली आणि त्याची रवानगी झाली रास अल खैमाच्या साइटवर, सिमेंटच्या धुळीत, वर्षभर. बाबाजीला चढायची बंदी झाली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. त्याने स्वतः फोन करून ठकुबाईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बरो आसस मा? मग झाला."

बरा होऊन करामाला पहिल्यांदा आला त्या शुक्रवारी भजनात त्याचा आवाज पहिल्या उंचीला गेला नाही. नागेशही तीन तासांचा प्रवास करून आला होता, भुवयांत अजून पांढरी धूळ. आरती झाल्यावर वहिनींनी नारळ बाबाजीच्या हातात दिला.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "हो ठकुबाईचो नागेश तुज्यासमोर उभो आसा. हेना माजी शपथ मोडल्यान, म्हाराजा."

नागेशने मान खाली घातली.

"म्हणानच मी आज जितो हय उभो आसंय, म्हाराजा. हेका धुळीतसून लवकर माघारी हाड."

"व्हय म्हाराजा," वेदांगचा आवाज सगळ्यांच्या आधी आला.