पार्वताबाईची शिट्टी

अमरावतीत ओळखीपाळखीतलं कुणी गेलं की सूर्यभान ढोके अंत्ययात्रा निघायच्या दोन तास आधीच त्या घरी पोचलेले असत. तिरडी बांधायला त्यांचे हात कधी लागले नाहीत, की फोन करकरून नातेवाइकांना कळवायच्या भानगडीतही ते पडले नाहीत. अंगणातली एखादी खुर्ची ओढून ते बसत आणि विचारत. सुनेला, नातीला, शेजारच्या म्हातारीला, दूधवाल्याला. सकाळी उठल्यावर पहिलं काय बोलायचे? भांडायचे कशावरून? एकटे असले की काय गुणगुणायचे? रडणारी माणसं आधी वैतागत. मग डोळे पुसता पुसता आठवू लागत, आणि आठवताना एखाद्या वेळी हसतही.

हे सगळं शोकसभेसाठी. चितेला अग्नी दिला की मंडळी शेडखालच्या ओट्यांवर बसतात, तीन-चार जण बोलतात, मग उभं राहून दोन मिनिटं मौन, आणि ज्याची त्याची गाडी. बोलणाऱ्यांत पुढारी असो, गुरुजी असो, साऱ्यांचं ठरलेलं असे. देवमाणूस होते, पोकळी भरून न निघणारी आहे. सूर्यभानजी शेवटी उठत. एका म्हाताऱ्या कंपाउंडरच्या वेळी ते म्हणाले होते, की या माणसानं चाळीस वर्षं पोरांना सुई टोचायच्या आधी स्वतःच "आई गं" म्हटलं. पोरगं हसायचं आणि तेवढ्यात काम उरकायचं. ओट्यावर बसलेल्या निम्म्या लोकांचे हात नकळत दंडाकडे गेले. त्यांनी लहानपणी तिथंच सुई घेतली होती.

एकाचं वाक्य दुसऱ्याला लावायचं नाही, एवढा एकच नेम त्यांनी पाळला. जकात नाक्यावरचा हा साधा कारकून. ना कधी कविता लिहिली, ना कुठल्या मंडळाचा सभासद झाला. पण तीसेक वर्षांत सातशेच्या वर माणसांवर ते बोलले असतील, आणि त्यातली दोन माणसं कधी एकसारखी झाली नाहीत. बायको, मैनाबाई, कधी चेष्टा करायची, की जित्या माणसाशी घरात एवढं बोलत जा. ते मनावर घेत नसत. कुणी गेलं की त्याच्यासोबत काय गेलं ते नेमकं सांगितलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटे.

मग कुलदीप आला. वॉर्डातला होतकरू कार्यकर्ता, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या शोकसभेत तो उठला आणि मोबाइल समोर धरून वाचू लागला. शब्द असे घोटीव, की ओट्यावर सूं सूं ऐकू येऊ लागली. ज्ञानाचा वटवृक्ष कोसळला, सावली हरपली. सोमवारची ही गोष्ट. गुरुवारी एक आरागिरणीवाले गेले आणि तेही वटवृक्ष निघाले. ज्या माणसानं जन्मभर झाडं चिरली त्याला वटवृक्ष म्हटलेलं ऐकून सूर्यभानजींना वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. गिरणीवाल्यांच्या मुलानं कुलदीपचा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना सूर्यभानजींनी त्याला बाजूला घेतलं. कुलदीप मुळीच ओशाळला नाही. एआयला नाव, वय, धंदा सांगितला की दोन मिनिटांत निघतं, म्हणाला.

"पन दोघायलेही तेच, बापू?"

"काका, लोकायले ऐकाले बरं वाटते. तुमी दोन घंटे बसून इचारता, घरचे लोक तरासतात. अन् गेलेल्या मानसाले काय फरक पडते?"

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, हेच अवघड होतं. पुढं वर्षभरात घरोघरी त्यांची खुर्ची लोकांच्या वाटेत येऊ लागली. एका घरी सुनेनं हळूच सांगितलं, काका, मामंजी त्या मोकाट कुत्र्याशी बोलायचे ते नका सांगू, पाहुणे आहेत. दुसऱ्या घरी मुलानं थेट मोबाइलवरून छापून आणलेला कागद पुढं केला आणि एवढंच वाचा म्हणाला. त्यांनी वाचलं नाही. मग त्या घरच्या शोकसभेत त्यांना कुणी बोलावलं नाही. असं होता होता बोलावणी थांबली. कधीमधी ते आपणहून उठले, तर अर्धी मंडळी मौनाची वाट पाहत घड्याळाकडे बघत.

गेल्या फाल्गुनात सकाळी सकाळी अकोल्याहून भाच्याचा, अमोलचा, फोन आला. आई गेली.

पार्वताबाई त्यांची आठ वर्षांनी मोठी बहीण; ते तिला नुसतं बाई म्हणत. आई लवकर वारलेली, बाप कापूस बाजारात हमाल, म्हणून सूर्यभानला तिनंच वाढवलं. एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही विचारायची गरज नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत ते रडले आणि मूर्तिजापूर गेल्यावर मनात शब्द लावू लागले.

अकोल्यात त्यांना बोलणारा माणूस म्हणून कुणी ओळखत नव्हतं. अमोलचं कृषी केंद्र; जमलेली माणसं बहुतेक त्याच्या धंद्यातली. दोघं-तिघं मोबाइलमध्ये बघून बोलले. मग सूर्यभानजी उठले. हातात काही नव्हतं.

त्यांनी सांगितलं, की पार्वताबाई शिट्टी वाजवत असे. चौदाव्या वर्षी ती जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा वेचायला लागली. यंत्रांच्या आवाजात शेजारणीची हाक ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या पोरी शिट्टीनं एकमेकींना बोलावत. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी घाली, की संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावरून तिची शिट्टी आली की खेळ टाकून मी घरी पळे. कापसाचं पीस भुवयांत अडकलेलं असे आणि ती तशीच चुलीपुढं बसे. लग्न झालं, सासूनं सांगितलं, बाईमाणसानं शिट्टी वाजवायची नाही. तिनं सोडली. पुढं मला अमरावतीला नोकरी लागली. अकोल्याच्या स्टँडवर ती मला पोचवायला आली, डोक्यावर पदर, शेजारी सासू. एसटी हलली. मी मागच्या खिडकीतून बघत होतो. तिनं एकदम पदर सोडला, दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी घातली. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनंच थांबवलं, त्यानं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर सगळ्यांवर ओरडत सुटला. मी कुणाला काही बोललो नाही. गाडी पुन्हा हलली तेव्हा तिनं पदर घेतला होता. त्यानंतर माझ्या बहिणीनं शिट्टी वाजवलेली मी ऐकली नाही. एवढंच मला सांगायचं होतं.

ओट्यावर कुणी हललं नाही. मौनाची आठवणही कुणीतरी उशिरा केली. सूर्यभानजी जागा शोधून बसले. बऱ्याच दिवसांनी पूर्ण बोलता आलं होतं, आणि तेही बाईवर.

नळावर हातपाय धुताना अमोलच्या ओळखीचा एक गृहस्थ जवळ आला. बियाण्यांच्या कंपनीत होता, चेहऱ्यानं सज्जन. त्यानं हात जोडले.

"लय भारी झालं, मामाजी. कोन्तं अ‍ॅप वापरता तुमी? आमच्या बाबाच्या टायमाले साधंच निंगालं होतं."

सूर्यभानजींना आधी समजलंच नाही. गृहस्थ पुढं म्हणाला, "अन् ते शिट्टीचं तं कसं सुचलं त्याले."

"सुचलं नाई. ती वाजवे."

"हो ना. तसंच वाटलं. एकदम खरं वाटलं," गृहस्थ म्हणाला आणि ओल्या हातानंच त्यानं त्यांच्या खांद्याला धरून धीर दिला.

घरी पोचल्यावर आणखी दोघांनी तेच विचारलं. एकानं तर मला पाठवा म्हणून आपला नंबर सांगितला. लिहिलेलं नाही म्हटल्यावर तो समजुतीनं हसला. सांगायचं नसेल तर राहू द्या, असं त्या हसण्यात होतं. संध्याकाळी माणसं कमी झाल्यावर अमोल येऊन जवळ बसला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"मामा, खरंच वाजवे काय माय शिट्टी?"

"वाजवे."

"मले कधी बोलली नाई. पन्नास वर्सं झाले मी तिच्यासंग आहो."

तू व्हायच्या आधीची गोष्ट, असं काहीसं ते म्हणाले. अमोलनं मान डोलावली. मामा भाषणं करतात हे त्याला माहीत होतं. भाषणात थोडं घालावं लागतं, हेही त्याला माहीत असावं. त्यात त्याला वावगं काही दिसत नव्हतं. मामानं आईसाठी एवढं छान केलं याचा त्याला अभिमानच होता.

तेराव्या दिवशी सूर्यभानजी पुन्हा अकोल्याला गेले. त्या सकाळच्या पेपरात पार्वताबाईचा फोटो होता आणि खाली चौकटीत मजकूर. मायेचा अथांग सागर. कष्टाच्या यज्ञकुंडात स्वतःची समिधा अर्पण करून कुटुंबाला प्रकाश देणारी माउली. चौकटीच्या तळाशी छापलं होतं: शब्दांकन, बंधू सूर्यभान ढोके.

अमोलनं खुलासा केला. त्याच्या मुलीनं, आकांक्षानं, त्या दिवशीचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. तेच एआयमध्ये टाकून पेपरसाठी नीट करून घेतलं.

"शिट्टीचं नाई आलं त्यात," सूर्यभानजी म्हणाले.

"ते त्यानंच गाळलं का आमी, आता ध्यानात नाई. पन बरंच झालं, मामा. पेपरात बाईमानसाबद्दल बरं नाई दिसत. नाव मातर आमी तुमचंच देल्लं."

त्यांनी जेवण केलं, कारण न जेवणं वाईट दिसलं असतं. मग कुणाला न सांगता ऑटो केला आणि अकोट फैल या आपल्या जुन्या वस्तीत गेले. लहानपणी तिथं शेजारी सईदा राहायची. बाईच्याच वयाची, तिच्यासोबत जिनिंगमध्ये कचरा वेचलेली. ती शिट्टी ऐकलेलं या जगात अजून एक माणूस असलं तर ती सईदाच. घर सापडलं. सईदाआपा हयात होत्या. नात अलीझानं त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि कानाजवळ वाकून सांगितलं, की पारबती के भाई आए हैं।

म्हातारीनं बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा उजळला. "पारबती," ती म्हणाली, "वो तो गाती थी। क्या गला था।"

"आपा, शिट्टी? जिनिंगमध्ये शिट्टी बजाती थी ना?" सूर्यभानजींनी स्वतःच दोन बोटं तोंडाकडे नेली.

"शिट्टी तो मुकादम बजाता था," सईदाआपा म्हणाल्या. "पारबती गाती थी।" आणि गाणं आठवायचा प्रयत्न करत त्या तशाच गुंगल्या. अलीझानं चहा केला. दादीला आजकाल काहीच नीट आठवत नाही, मनावर घेऊ नका, असं ती दोनदा म्हणाली. दादी कधी माझं नावही विसरते, म्हणाली.

परतीच्या एसटीत सूर्यभानजींनी ती शिट्टी कानात ऐकायचा प्रयत्न केला. स्टँड दिसत होता, पदर दिसत होता, ब्रेक लागल्यावर पुढच्या बाकावर आपटलेलं कपाळही आठवत होतं. आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत इतक्या माणसांच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, कुणाच्या गोष्टीला कुठं टोक काढलं, कुठं दोन दिवसांचं एक केलं, याचा हिशोब त्यांनी कधी ठेवला नव्हता. ब्रेक कशामुळंही लागला असेल. बाईनं तेव्हा हाक मारली असेल. गायली तर नक्कीच नव्हती. की गायली होती? बडनेरा येईपर्यंत ते हेच घोळवत राहिले आणि अमरावतीला उतरताना त्यांना एवढंच कळलं, की आता खरं काय ते सांगायला कुणीच उरलं नाही.

घरी मैनाबाईनं विचारलं, कसं झालं. झालं, म्हणाले. पेपरचं कात्रण अमोलनं दिलं होतं, ते त्यांनी तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचून डोळ्यांना पदर लावला आणि चांगलं लिहिलंत म्हणाली. त्यांनी तिचा गैरसमज दूर केला नाही.

जूनमध्ये त्यांच्याच घरांच्या ओळीत राहणारा खुशालराव वारला, त्यांच्यासोबत नाक्यावर वीस वर्षं काढलेला. त्याचा मुलगा स्वतः येऊन म्हणाला, काका, दोन शब्द तुम्हीच बोला. सूर्यभानजींनी घसा बसल्याचं सांगितलं. ते अंत्ययात्रेला गेले, पण ती निघायच्या वेळी. ओट्यावर मागं भिंतीला टेकून बसले. कुलदीपनं वाचलं, लोकांनी ऐकलं, मग सगळे उठले तसे तेही मौनाला उठले.

बाहेर पडताना एका तरुण माणसानं, बहुधा खुशालरावचा जावई असावा, त्यांना थांबवलं. तुम्ही जुने सोबती म्हणून ऐकलं, म्हणाला. बाबा तेव्हा कसे होते?

खुशालरावबद्दल त्यांना पुष्कळ माहीत होतं.

"चांगला मानूस होता," ते म्हणाले, आणि फाटकाबाहेर आपली चप्पल शोधू लागले.