आठ तोळ्यांचा फरक

पिंपरीत कारखाना उभा राहत होता तेव्हाची, पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी नगरहून तिथे कारकून म्हणून आलो होतो. क्वार्टरच्या तारेपलीकडे जुन्या गावातल्या एका विधवा बाईंचं घर होतं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्याकडे एकोणीस कोंबड्या होत्या. क्वार्टरमध्ये अंडी विकून त्यांचं तेल-मीठ चालायचं. दुसरी मिळकत नव्हती.

मीही बारा पिल्लं पाळली. शेवग्याचा वाळवलेला पाला, लसूण आणि हळद कोंड्यात मिसळून दिली तर पक्षी लवकर भरतो, असं ऐकलं होतं. ऐकलेल्यावर माझा विश्वास नसतो. मावशींकडे कोंबड्यांखेरीज त्याच वयाची बारा पिल्लं होती. त्यांना नुसता कोंडा आणि माझ्या पिल्लांना पाला, असं ठरवून मी दर रविवारी सकाळी चोवीस पिल्लं तोलून वजनं वहीत लिहू लागलो. आधी त्यांची, मग माझी. टोपली मावशींची, तराजू माझा.

आठव्या रविवारी त्यांची सरासरी चव्वेचाळीस तोळे भरली, माझी बावन्न. आठ तोळ्यांचा फरक. मी तो क्वार्टरमध्ये ज्याला त्याला सांगितला.

त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्याचा माणूस टोचणीसाठी आला.

"कोंबड्यांची मानमोडी, साथ, चाकणपर्यंत आलीय, राव. आजच टोचून घ्या."

मी विचारलं, "टोचल्यावर पक्षी खातो का?"

"चार-सहा दिवस मंदावतो. मग येतो ताळ्यावर."

म्हणजे वजन घटणार आणि आठ आठवड्यांची तुलना वाया जाणार. दहा आठवडे पुरे करायचे होते. शिवाय पाला खाऊन माझी पिल्लं अशी तुकतुकीत झाली होती, की ती आजारी पडतील असं मला वाटेना.

"दोन रविवार थांबा, मग सोमवारी या," मी म्हणालो. "मावशी, तुम्हीही थांबा. एकीकडे टोचलं आणि एकीकडे नाही, तर हिशेब जुळणार नाही."

मावशींनी हातातली कोंबडी खाली सोडली. "भाऊ लिवत्यात, त्यांला ठावं असंल. थांबू की."

"कोंबडी वही खात नाही, मावशी," तो माणूस म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

नवव्या रविवारी मावशींचं एक पिल्लू टोपलीत मान खाली घालून बसलं. उन्हाने असेल असं समजून मी त्याचं वजन लिहिलं आणि त्याच टोपलीत माझी पिल्लं घातली. मंगळवारी हिरवी विष्ठा दिसली. गुरुवारी माना मागे वळू लागल्या, पक्षी जागच्या जागी गोल फिरू लागले. मी लसणाचं पाणी पाजलं, पाला दुप्पट केला. उपयोग झाला नाही. माझी नऊ पिल्लं मेली. मावशींची पिल्लं आणि कोंबड्या, काहीच राहिलं नाही.

माझी तीन वाचली ती पाल्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तीन हा आकडा त्यासाठी फार लहान आहे. पाल्याने आठ तोळे वाढले हे खरं होतं. वाढलेला पक्षी आजाराला दाद देत नाही, हे मी कुठेच तपासलेलं नव्हतं, आणि तरी गृहीत धरलं होतं.

दहाव्या रविवारी वजनाच्या वेळेला मावशी टोपली घेऊन आल्या. वर फडकं, खाली त्या बारांतला शेवटचा मेलेला कोंबडा.

"तोला, भाऊ."

"मावशी, आता कशाला?"

"आजवर एक रईवार चुकला न्हाई तुमचा. आजचाच का ऱ्हातोय? लिवा."

त्या हलत नव्हत्या, म्हणून मी तोलला. छत्तीस तोळे भरला.

"गेल्या खेपंला किती व्हता?"

"पंचेचाळीस."

त्यांनी मान हलवली, रिकामी टोपली उचलली आणि गेल्या. कोंबडा माझ्या पारड्यातच राहिला. तो मी माझ्या नऊ पिल्लांशेजारी पुरला.

टोचणीवाला ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आला. आधी मावशींच्या दारात उभा राहून त्याने हाक मारली. मी तारेच्या अलीकडे पिल्लं धरून उभा होतो. मावशी अंगणातलं मोकळं खुराडं झाडत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं,

"पल्याड जा, बाबा. तिकडं तीन हायत."