चेकिंगची गोळी

शनिवारी सकाळी आनेकलला बसमधून उतरून डॉक्टर शालन कारखान्याच्या फाटकाकडे वळली की चहाच्या टपरीवरचे कामगार हातातल्या विड्या चपलेखाली चिरडत. "आली बघ विडीची सासू," कुणीतरी कुजबुजे. शालनला ते ऐकू येई आणि गंमत वाटे. निपाणीत, तंबाखूच्या वासात वाढलेल्या पोरीला लोकांनी विडीची सासू म्हणावं!

खऱ्या पदव्याही तिच्याकडे होत्या. हृदयरोगाचं वरपर्यंतचं शिक्षण झालेलं. तिच्याबरोबर शिकलेला पुण्याचा अभिजीत इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्याच हॉस्पिटलात बंद पडलेल्या रक्तवाहिन्या उघडायचा. शालनने मात्र हृदयविकार होऊच नये, हे काम पत्करलं.

"तुझ्या लाइनमध्ये एक बेसिक प्रॉब्लेम आहे," अभिजीत कॅन्टीनमध्ये चिडवायचा. "मी वाचवलेला माणूस पेढे घेऊन येतो. तू वाचवलेल्याला तर पत्ताच नसतो, की आपण वाचलोय. तुला पेढे कोण देणार?"

"खा तू पेढे. शेवटी माझ्याच दारात येशील."

हसण्यावारी जायचं, पण लागायचं. हॉस्पिटलच्या संचालकांनाही पेढ्यांचंच गणित कळत होतं. आनेकलच्या कारखान्यातला तिचा शनिवारचा दवाखाना चालवायचा तर फरक दाखवा, नाहीतर बंद करा, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. आणि शालनला तो दवाखाना जिवापलीकडे हवा होता. छातीत कळ यायच्या आधी डॉक्टरांसमोर बसलेली माणसं तिला तिथेच भेटत.

फरक दिसावा म्हणून तिने पहिल्याच महिन्यात कंपनीकडून एक नियम करून घेतला. ज्याचं बीपी ताब्यात नाही, त्याला रात्रपाळी द्यायची नाही. शास्त्राला धरूनच होतं ते. रात्रपाळीचा जादा भत्ता घरच्या चुलीपर्यंत पोचतो, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणूनच लोक गोळ्या नेमाने घेतील, असा तिचा हिशेब होता.

आणि लोकांनी तो खरा करून दाखवला! महिन्यागणिक आकडे उतरत गेले. सगळ्यात सुरेख उतरले कल्लाप्पाचे. चिकोडीकडचा हा गडी मोटारींच्या वायरी जोडायच्या लाइनवर उभा असे. पहिल्या खेपेला त्याचं भलतंच चढलेलं बीपी बघून शालनने यंत्रच बदलून पाहिलं होतं. पुढे मात्र दर शनिवारी तो हात पुढे करून म्हणे, "बघा अक्का, तुमचा भाऊ कसा सुधारलाय." त्याचा आलेख तिने संचालकांसमोर पडद्यावर लावला. दवाखान्याला आणखी एक वर्ष मिळालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका बुधवारी, कल्लाप्पा रुग्णवाहिकेतून आला. अभिजीतने त्याची रक्तवाहिनी उघडली. जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी झाला होता.

त्याची बायको धनलक्ष्मी पेढे घेऊन आली. अभिजीतच्या पाया पडली, "देवच तुम्ही," म्हणाली. शालन शेजारीच उभी होती. अभिजीतने पुडा तिच्यापुढे धरला आणि कॅन्टीनमधलं आठवून त्याचाच चेहरा पडला.

शालन कल्लाप्पाच्या खाटेशी बसली. "गोळ्या रोज घेत होता ना?"

कल्लाप्पा छताकडे बघत राहिला. "रोज कशाला, अक्का. चेकिंगच्या आदी दोन-तीन दिवस घेत हुतो."

"आणि बाकीचे दिवस?"

"त्या गोळीनं सारखं लघवीला लागतंय. लाइन सोडायला सुपरवायझरला विचारावं लागतंय. दोनदा विचारलं की तो सगळ्यांम्होरं म्हणतोय, घरी जा, पाळण्यात झोप."

"मला सांगायचं होतं. दुसरी गोळी दिली असती मी."

"सांगितलं असतं तर तुम्ही रात्रपाळी काढली असती. नेम तुमचाच की." मग जरा चाचरत म्हणाला, "उरलेल्या गोळ्या दोस्तांना देत हुतो. त्यांचंबी चेकिंग असतंय."

म्हणजे सगळेच. पडद्यावर लावलेली ती उतरती रेघ हृदयांची नव्हती, शनिवारच्या भीतीची होती. आणि ती भीती शालनने स्वतः, चांगल्या अक्षरात लिहून दिली होती.

गप्प बसली असती तर दवाखाना चालला असता. दोन दिवस तिने तोही विचार केला, नाही असं नाही. मग जाऊन संचालकांना सांगितलं, आकडे खोटे आहेत. त्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि दवाखाना बंद केला.

ती कंपनीचे मॅनेजर दामोदर साहेब यांच्याकडे गेली. "निदान तो नियम तरी काढा. त्याच्यामुळेच लोक आजार लपवतात."

"अहो मॅडम, तुम्हीच तर सही करून दिलाय," दामोदर साहेब गोड हसले. "उद्या रात्रपाळीत कुणी पडला तर आमच्या गळ्याशी येईल. तपासणीची चिंता नको. बीपी बघायला एक माणूस ठेवतोय आम्ही."

"आणि औषध?"

"ते ज्याचं त्यानं बघावं."

पुढे एका शनिवारी ती कल्लाप्पाला भेटायला आनेकलला गेली. तो आता दारात बसून असे. त्याला जिना चढवत नव्हता, नोकरी सुटली होती. "अक्का, चहा तरी घ्या," म्हणत त्याने उठायचा प्रयत्न केला. तिने घाईने त्याला बसवलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं तिला.

परतताना ती कारखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानाशी बससाठी थांबली. एक तरणा कामगार धापा टाकत आला. पाळी सुरू व्हायची होती.

"अण्णा, चेकिंगची गोळी द्या. दोनच."

दुकानदाराने न विचारता पाकीट कापलं. शालनला ते लांबूनच ओळखू आलं. कल्लाप्पाला ती हीच गोळी लिहून देत असे.

ती पुढे झाली. "अरे, ही अशी घ्यायची नसते. रोज—"

पोराने तिच्याकडे पाहिलं. तो नवा होता, तिला ओळखत नव्हता.

"तुम्हाला काय करायचंय हो बाई?" म्हणत त्याने दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि फाटकाकडे पळाला.