रज्जाकचाचांची उलटी सुई

तेव्हा मी सुरतेत मोटार वाइंडिंगच्या दुकानात होतो. शेजारच्या खोलीतला अनीस आमच्या साखरा गावचाच. मी गावाकडं निघालो तर म्हणाला, "देवा, येताना अब्बाला घेऊनच ये. पोरगं दोन महिन्यांचं झालं, आजोबानं तोंड पाहिलं न्हाई."

सुरतेहून रेल्वेनं अकोला, तिथून एसटीनं हिंगोली, मग सेनगाव. तिथं स्टँडवर भजी खाऊन घ्या, कारण साखऱ्याची जीप गच्च भरल्याशिवाय हलत न्हाई. मी टपावर बसलो. दोन्हीकडं पिवळी तूर फुललेली. दोन दिवसांचा शीण उतरला.

अनीसचे अब्बा रज्जाकचाचा गावचे शिंपी. मशीन थांबवून म्हणाले, "मी येत न्हाई."

"काहून, चाचा?"

त्यांनी अनीसनं पाठवलेलं होकायंत्र काढलं. लाल टोक उत्तरेला पाहिजे, तर ते सरळ दक्षिणेला. "तिथं खोलीला खिडकी न्हाई म्हणता. नमाजला रोज कुणाला विचारू मावळत कुठं? याचं ऐकलं तर उगवतीकडं तोंड व्हायचं. यंत्रच नको म्हणून राहिलं."

आतून चाची म्हणाल्या, "जन्मभर उलट्या बाह्या लावल्या, आता सुई बी उलटी!"

"ठेवता कुठं हे?"

"रेडिओवर. बराबर स्पीकरपाशी."

मी हसलो. स्पीकरात चुंबक असतं, त्यानंच सुई उलटली. शाळा सातवीत सुटली, पण मोटारीतलं चुंबक रोज हातातलं.

घरातल्या मोडक्या टेपच्या स्पीकरातून गोल चुंबक काढलं. ज्या बाजूपासून लाल टोक दूर पळतं, तीच बाजू त्याला टेकवायची. पण जवळ नेलं की सुई गर्रकन फिरे आणि दुसरंच टोक पुढं येई. तीनदा झालं.

"उद्याची गाडी चुकली म्हणून समज," चाचा म्हणाले. पण टाचणीनं काच त्यांनीच उचकटली आणि दोन काड्यांनी सुई दाबून धरली. कापड धरणारा हात, जरा हलला न्हाई. मी चुंबक टेकवलं, थोडं थांबलो, सरळ वर उचललं.

सूर्य बुडत होता. चाचा त्याच्याकडं तोंड करून उभे राहिले. लाल टोक बराबर उजव्या हाताला.

"बसली शिलाई," ते म्हणाले. "जीप किती वाजता?"

रेल्वेत समोरच्यानं रेडिओ काढला की चाचा होकायंत्राची डबी छातीशी धरून ओरडत, "अरे भाई, वो दूर रखो!" तुमीही होकायंत्र नेलं तर एवढं सांभाळा.

सुरतेत चाचांनी आधी डबी उघडली, मावळत धरून चटई टाकली, नमाज झाल्यावर नातवाला मांडीवर घेतलं. अनीस दारातच उभा, कामावर जायचं विसरून.

मी माझ्या खोलीत येऊन आडवा झालो. चाचांची चटई आठवली आणि ध्यानात आलं, तिच्या बराबर उलट बाजूला साखरा. सुई दुरुस्त न करता आणली असती, तर तिच्या भरवशावर चाचांचं तोंड इथं आमच्या गावाकडंच झालं असतं. मी उशी फिरवली आणि तिकडं डोकं करून झोपलो.